क्लिकची वाट: लाइव्ह कार्यक्रमात मेट्रोनोम कुणाच्या कानात, कुठून आणि किती

गोव्यात चवथीपासून कार्निव्हलपर्यंत जे बँड सतत वाजवत असतात, त्यांतल्या बऱ्याच जणांच्या स्टेजवर आता लॅपटॉप आला आहे. व्हायोलिनचा ताफा, कोरस, ताशांचा लूप असं सगळं त्यातून येतं. लॅपटॉप कुणासाठी थांबत नाही, त्यामुळे वाजवणाऱ्यांनाच त्याच्या लयीत राहावं लागतं आणि त्यासाठी क्लिक, म्हणजे मात्रेमात्रेला होणारी मेट्रोनोमची टकटक, लागतो. क्लिक तयार करणं सोपं आहे, फोनवरचं फुकट ॲपही ते करतं. घोळ होतो तो त्याला योग्य कानापर्यंत नेण्यात आणि बाकी सगळ्यांपासून लांब ठेवण्यात. रवींद्र भवनाच्या सभागृहात हळुवार कडवं चालू असताना मेन स्पीकरमधून टकटक सुरू झाली, तर पुढची दोन गाणी लोक तेवढंच ऐकत बसतात.

क्लिक कुठे नको

ही यादी आधी करा, काम निम्मं होतं. घुमट आरतीला (घुमट या मातीच्या तालवाद्यावरच्या आरतीला) क्लिक लावू नका, तिची लय चढत जाते आणि त्या चढण्यातच मजा असते. नाट्यपदात गायक तान घेऊन समेवर कधी येणार हे तबलजी त्याच्याकडे बघून ओळखतो, तिथेही यंत्राचं काम नाही. मांडो हा गोव्याचा गीतप्रकार संथ आणि लवचीक असतो. तियात्रातल्या (कोंकणी संगीत नाटकातल्या) कांताराला, म्हणजे गाण्याला, ‘वन्स मोर’ पडला की कडवं पुन्हा घ्यावं लागतं, आणि ठरावीक लांबीची फाइल तिथे उघडी पडते.

क्लिक हवा तो ट्रॅकवर (लॅपटॉपमधून येणाऱ्या तयार साथीवर) चालणाऱ्या गाण्यांना, पडद्यावरच्या व्हिडिओशी किंवा प्रकाशयोजनेशी जुळवलेल्या गाण्यांना, आणि जिथे वेळेचं बंधन कडक आहे तिथे. उघड्यावर रात्री १० नंतर लाउडस्पीकर बंद, हा नियम २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांपासून आहे. क्लिकवरच्या गाण्याची लांबी आधीच काढता येते: आवर्तनं गुणिले मात्रा, भागिले बीपीएम (मिनिटाला पडणारे ठोके), गुणिले ६० सेकंद. १२० बीपीएमच्या गाण्यात चार मात्रांची ९६ आवर्तनं असतील तर ३८४ मात्रा, म्हणजे १९२ सेकंद, ३ मिनिटं १२ सेकंद. शेवटचं गाणं ९ वाजून ५५ मिनिटांनी सुरू करायचं की नाही, हे मग अंदाजावर सोडावं लागत नाही.

आलापाने सुरू होणाऱ्या गाण्यात क्लिक आलापानंतर सुरू करा. आलापाखाली तानपुऱ्याचा सूर सोडून ठेवा आणि ठेका सुरू व्हायच्या वेळी ड्रमरने पायाच्या स्विचने फाइल सोडायची.

कुणाला द्यायचा

आमचं मत स्पष्ट आहे: शक्यतो एकालाच, लय धरणाऱ्याला. तो ड्रमर असो, ऑक्टापॅडवाला असो किंवा ढोलकीवाला, बाकीचे त्याच्यावर वाजवतील. सगळ्यांच्या कानात क्लिक दिला की जो तो यंत्राशी जुळवत बसतो आणि एकमेकांकडे लक्ष राहत नाही. शिवाय कान वाढले की केबल, बेल्टपॅक (कमरेला लावायचा हेडफोनचा डबा), बॅटऱ्या वाढतात, आणि बिघडायच्या जागाही. दुसरा कान द्यायचाच झाला तर कीबोर्डवाल्याला द्या, कारण ड्रम नसलेल्या सुरुवाती बहुतेक त्याच्याच वाट्याला येतात. गायकाला आकडे मोजणारा आवाज पुरतो, टकटक नको.

फाइल बनवताना

सर्वात आधी तबलजी आणि ड्रमर एकाच हिशेबात बोलताहेत ना, ते पाहा. केहरव्याच्या आठ मात्रा तबलजी १८० च्या गतीने मोजतो, तेव्हा ड्रमरच्या लेखी तेच ९० बीपीएमचे चार ठोके असतात. दोघंही बरोबर असतात आणि फाइल दुप्पट वेगाने निघते. गाण्याच्या यादीत बीपीएमसमोर कुणाचा हिशेब तेही लिहून ठेवा.

सॉफ्टवेअर सहसा फक्त पहिल्या मात्रेवर जोर देतं. दादरा, केहरवा, तीनतालाला तेवढं चालतं. झपतालासाठी मोजणी पाचाची ठेवा, म्हणजे जोर पहिल्या आणि सहाव्या मात्रेवर येईल, एकीकडे सम (आवर्तनाची पहिली मात्रा) आणि दुसरीकडे खाली (टाळी न देता मोजायची मात्रा). रूपकात पंचाईत होते. तिथे समच खाली असते, आणि यंत्राने पहिल्या मात्रेवर ठणकावलं की ड्रमरचा पाय आपोआप किकवर (पायाने वाजवायच्या ड्रमवर) पडतो, तबला मात्र ‘तीं’ म्हणत असतो. म्हणून रूपकाचा क्लिक हाताने मांडावा: पहिल्या मात्रेला वेगळा पण हलका आवाज, चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर जोर, बाकीच्या साध्या.

७० बीपीएमपेक्षा संथ गाण्यात मात्रेच्या मधला अर्धा ठोकाही हळू आवाजात घाला. ६० बीपीएमला दोन ठोक्यांत पूर्ण एक सेकंद जातो, आणि तेवढ्या पोकळीत चांगला वादकही पुढेमागे होतो. उलट १५० च्या वरच्या गाण्यात एकाआड एक ठोका ठेवला तर कान कमी शिणतात.

क्लिकचा नाद सुरांचा नसावा. ‘पीं’ असा बीप गाण्याच्या पट्टीशी भांडतो आणि ड्रमवरच्या कंडेन्सर माइकमध्ये सहज शिरतो. लाकडी ठोकळ्यासारखा कोरडा, आखूड आवाज घ्या. झांजांच्या गोंगाटात तो हरवत असेल तर आवाज वाढवण्याआधी नाद बदलून बघा. फाइलमध्ये क्लिकचं शिखर उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा. पूर्ण शून्यावर नेलं तर पुढच्या प्रत्येक पायरीवर ते खाली ओढावं लागतं, आणि एखाद्या ठिकाणी ओढायचं राहिलं की कानात गोळी लागल्यासारखं होतं.

सुरुवातीला दोन आवर्तनं मोजणीची ठेवा. पहिल्यात फक्त ‘एक’ आणि ‘दोन’, दुसऱ्यात ‘एक, दोन, तीन, चार’. फाइल सुरू झाली हे पहिल्या आवर्तनात कळतं, दुसऱ्यात हात उचलता येतो. आवाज बँडमधल्याच कुणाचातरी रेकॉर्ड करा, आणि अंतरा किंवा सोलो यायच्या एक आवर्तन आधी ‘अंतरा’, ‘सोलो’ असं त्यालाच म्हणायला लावा. शेवटच्या लांबणाऱ्या सुराखाली मात्र क्लिक कापून टाका. सगळी वाद्यं थांबल्यावर हेडफोनमधली टकटक गायकाच्या माइकमधून ऐकू येते ती नेमकी इथे.

पहिली पद्धत: फोन आणि दुभागलेली केबल

छोट्या कार्यक्रमाला हे पुरतं. स्टिरिओ फाइलच्या डाव्या बाजूला क्लिक, उजव्या बाजूला ट्रॅक. फोनमधून ३.५ मिमीच्या स्टिरिओ जॅकपासून दोन ६.३५ मिमी मोनो जॅक निघणारी केबल घ्या. उजवा जॅक डीआय बॉक्समधून (साध्या जॅकचा आवाज लांब केबलसाठी तयार करणाऱ्या छोट्या डब्यातून) मेन मिक्सरला, डावा ड्रमरच्या हेडफोन ॲम्प्लिफायरला. ट्रॅक मोनो होतो, पण मैदानावरच्या श्रोत्याला त्याने फारसा फरक पडत नाही. फोनला हेडफोनचं भोक नसेल तर टाइप-सीचा अडॅप्टर लागेल, आणि एक जास्तीचा खिशात ठेवावा लागेल.

फोनवर चार गोष्टी बघायच्या. एअरप्लेन मोड चालू, अलार्म बंद, इक्वलायझर आणि ‘सराउंड’सारखे सगळे चोचले बंद. चौथी सहसा कुणी बघत नाही: ॲक्सेसिबिलिटीच्या सेटिंगमध्ये ‘मोनो ऑडिओ’ नावाचा पर्याय असतो. तो चालू असेल तर फोन डावं-उजवं एकत्र करतो, आणि केबल बरोबर लावूनही क्लिक थेट मैदानात जातो. जॅक अर्धवट बसला तरी असंच होतं, म्हणून फोनचं जाड कव्हर काढूनच जॅक लावा. ब्लूटूथ अजिबात नको. त्यात आवाज अनेकदा १०० ते २०० मिलिसेकंद उशिरा पोहोचतो, आणि १२० बीपीएमची एक मात्राच ५०० मिलिसेकंदांची असते.

दुसरी पद्धत: लॅपटॉप आणि चार आउटपुटचा इंटरफेस

इंटरफेस, म्हणजे लॅपटॉपचा आवाज बाहेर काढणारा डबा, घेताना इनपुट मोजू नका, आउटपुट मोजा. फोकसराइटचा स्कार्लेट २आय२ घराघरांत दिसतो, पण त्याला दोनच आउटपुट आहेत आणि हेडफोनमध्येही तेच दोन ऐकू येतात. त्यावर फोनसारखीच डावी-उजवी वाटणी करावी लागते. त्याच कंपनीचा ४आय४ किंवा बेहरिंगरचा यूएमसी४०४एचडी घेतला तर १ आणि २ वर स्टिरिओ ट्रॅक, ३ वर क्लिक आणि ४ वर बोललेल्या सूचना अशी स्वच्छ वाटणी होते.

एबलटन लाइव्ह या सॉफ्टवेअरमध्ये ऑडिओच्या सेटिंगमध्ये जाऊन आउटपुट कॉन्फिग उघडा आणि ३-४ चालू करा. हे राहिलं तर पुढच्या कुठल्याही यादीत ३-४ दिसतच नाहीत, आणि लोक केबल बदलत बसतात. मग मेन ट्रॅकवर ‘क्यू आउट’ ३-४ ला द्या. आतला मेट्रोनोम आता तिकडेच जाईल आणि त्याचा आवाज क्यूच्या बटणाने कमीजास्त होईल. तालमीला एवढं बस. कार्यक्रमासाठी क्लिकचा वेगळा ऑडिओ ट्रॅक करून त्याचं आउटपुट ३ ला द्यावं, कारण रूपकाचे जोर, मोजणी, शेवटची कापाकापी हे सगळं आतल्या मेट्रोनोमला जमत नाही.

रीपर या सॉफ्टवेअरमध्ये नव्या ट्रॅकवर इन्सर्ट मेनूतून ‘क्लिक सोर्स’ टाका. त्या ट्रॅकच्या राउटिंगमध्ये मास्टर सेंडवरची खूण काढा आणि हार्डवेअर आउटपुट ३ जोडा. खूण काढायची राहिली तर क्लिक ३ वरही जातो आणि मेनमध्येही. इन-इअर (कानात बसवायचे छोटे हेडफोन) घालून बसलेल्याला कानात सगळं ठीक ऐकू येत असतं, त्यामुळे स्टेजवर कुणाला काही कळत नाही.

बफर (लॅपटॉप आवाज सोडण्याआधी साठवून ठेवतो तो तुकडा) २५६ किंवा ५१२ सॅम्पलचा ठेवा. नुसतं वाजवायचं असल्याने उशिराची काळजी नाही, कारण क्लिक आणि ट्रॅक दोघंही सारखेच उशिरा निघतात. त्याच लॅपटॉपवरून कीबोर्डचे नादही वाजत असतील तर बफर खाली आणावा लागतो, आणि मग तडतड सुरू होते. दोन कामांना दोन यंत्रं असलेली बरी. वायफाय बंद, अपडेट बंद, स्क्रीन झोपणं बंद.

मिक्सरवर

एकट्या ड्रमरलाच क्लिक द्यायचा असेल तर तो मेन मिक्सरपर्यंत नेऊच नका. ड्रमरच्या बाजूला चार चॅनेलचा छोटा मिक्सर ठेवा. एका चॅनेलवर क्लिक, दुसऱ्यावर मेन मिक्सरकडून आलेला मॉनिटर, आणि हेडफोनच्या भोकातून कानात. क्लिकचं प्रमाण त्याच्या हाताशी राहतं, आणि जी केबल साउंडवाल्यापर्यंत गेलीच नाही, तिच्यातला आवाज मेनमधून येणं शक्य नाही.

एकाहून जास्त कान असतील तर मात्र मेन मिक्सर लागतोच. तिथे क्रम असा: केबल लावण्याआधी क्लिकच्या चॅनेलचा फेडर (आवाजाची सरकपट्टी) तळाला, गेन कमी, ४८ व्होल्टचा फॅंटम (केबलमधून माइकला जाणारी वीज) बंद. मग त्या चॅनेलचं लेफ्ट-राइटचं बटण सोडवा. डिजिटल मिक्सरवर हेच काम मेन बसची (मेन स्पीकरकडे जाणाऱ्या वाटेची) जोडणी बंद करून होतं. ज्यांना क्लिक हवा त्यांच्या ऑक्सचा (त्यांच्या कानाकडे जाणाऱ्या वेगळ्या वाटेचा) सेंड प्री-फेडर, म्हणजे फेडरच्या आधीच आवाज उचलणारा, करा. आता फेडर तळाला असूनही क्लिक कानात पोहोचतो, आणि चुकून फेडर वर ढकलला गेला तरी मेनमध्ये येत नाही.

लेफ्ट-राइट न सोडवता नुसता म्यूट दाबणं ही नेहमीची चूक. बऱ्याच मिक्सरवर म्यूट केला की प्री-फेडर सेंडही बंद होतो. याच कारणाने क्लिकचा चॅनेल म्यूट ग्रुपच्या बाहेर ठेवा. निवेदक बोलत असताना साउंडवाला सगळं एका बटणाने बंद करतो, नेमकी तेव्हाच तुमची मोजणी सुरू होते आणि ड्रमरला सन्नाटा ऐकू येतो. भाड्याने येणाऱ्या लहान ॲनालॉग मिक्सरवर ‘एफएक्स’ लिहिलेला सेंड बहुधा पोस्ट-फेडर असतो, फेडर खाली घेतला की तोही जातो. असा एकच सेंड असेल तर ड्रमरजवळच्या छोट्या मिक्सरकडे परत या.

चॅनेलवर टेप चिकटवून ‘क्लिक, मेनमध्ये नको’ असं ठळक लिहा. जत्रेत किंवा मोठ्या महोत्सवात साउंडवाला तुमचा नसतो आणि दोन बँडांमध्ये त्याला दहा मिनिटंही मिळत नाहीत. तुमची पट्टी वाचून त्याचं काम होतं, समजावून सांगायला वेळ नसतो.

स्टेजपासून मिक्सरपर्यंत २०-३० मीटर केबल असेल तर फोनचा किंवा लॅपटॉपचा साधा जॅक डीआयमधूनच न्या. ट्रान्सफॉर्मरचा पॅसिव्ह डीआय पुरतो, त्याला फॅंटम लागत नाही. इंटरफेसची आउटपुट बॅलन्स्ड (लांब केबलमध्येही खरखर न पकडणारी) असतील तर टीआरएस ते एक्सएलआर केबल थेट चालते, पण मिक्सरवर पॅडचं (आवाज कमी करणारं) बटण दाबा, लाइन लेव्हल माइकपेक्षा बरीच तगडी असते.

कानात

क्लिक मॉनिटर स्पीकरमधून सोडायचा नाही. स्टेजवरचे सगळे माइक तो उचलतात. त्यात हवेतून आवाज मीटरला जवळपास ३ मिलिसेकंद घेतो, दहा मीटरवरच्या वादकाला तोच ठोका २९ मिलिसेकंद उशिरा मिळतो.

घट्ट बसणारे इन-इअर किंवा बंद पाठीचे हेडफोन घ्या. इन-इअर सैल असेल तर आधी बास जातो, मग ड्रमर आवाज वाढवतो, मग तोच आवाज बाहेर गळतो. मूळ दोष रबरी टोकाच्या मापात असतो. पाकिटातली तीनही मापं लावून बघा, दोन कानांना वेगळं माप लागणं अगदी नेहमीचं आहे. ड्रमरला वायरचं बेल्टपॅक द्या. तो जागचा हलत नाही, त्याला वायरलेसची गरज नाही. एक कान उघडा ठेवायची सवय मोडा. उघड्या कानातल्या झांजांवर मात करायला दुसऱ्या कानातला क्लिक वाढत जातो. श्रवणसुरक्षेबाबत अमेरिकेच्या एनआयओएसएच या संस्थेची शिफारस ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास देते आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी करते, म्हणजे ९४ ला एकच तास. ज्या बसमधून कानात जातं तिच्यावर लिमिटर (आवाज ठरावीक मर्यादेपलीकडे जाऊ न देणारी सोय) लावा.

तालमीनंतर क्लिकचं प्रमाण असं लावा: पूर्ण बँड वाजत असताना क्लिक जेमतेम ऐकू येईल इतका. अचूक लयीत स्नेअर वाजवली की क्लिक तिच्याखाली झाकला जातो. तो वेगळा ऐकू आला, तर आपण पुढेमागे झालो आहोत.

वीज आणि हवा

लॅपटॉपचा चार्जर लावल्यावर भुणभुण येते आणि काढल्यावर जाते, तर तो अर्थिंगचा लूप आहे. डीआयवरचा ग्राउंड लिफ्ट दाबा. प्लगची अर्थची पिन तोडून किंवा टेप लावून भुणभुण घालवू नका, मांडवातल्या ओल्या जमिनीवर तो जिवाशी खेळ आहे. लाइन जाऊन जनरेटर सुरू होईपर्यंत लॅपटॉप बॅटरीवर तग धरतो, पण स्वतंत्र अडॅप्टरवर चालणारा इंटरफेस बंद पडतो आणि परत आल्यावर सॉफ्टवेअर त्याला ओळखेलच असं नाही. यूएसबीवरच चालणारा इंटरफेस घ्या, नाहीतर लहान यूपीएस ठेवा.

किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत आणि पावसाळ्यात जॅक काळे पडतात, मग एक बाजू मध्येच गायब होते. दुभागलेल्या केबलमध्ये ती बाजू क्लिकची असली की गाणं गेलंच. केबल सिलिका जेलच्या पुड्या घालून बंद डब्यात ठेवा, आणि चवथीच्या आधी सगळ्या जॅकना काँटॅक्ट क्लीनर मारा. दुपारच्या साउंडचेकला लॅपटॉप उन्हात ठेवू नका, तापला की तो मंदावतो आणि आवाज तुटतो.

साउंडचेक आणि गडबड

साउंडचेकला आधी मेन पूर्ण बंद ठेवून क्लिक कानात आणा. मग फक्त क्लिक चालू ठेवून मेन उघडा, आणि एकाने मैदानात मधोमध उभं राहून ऐकावं. काही ऐकू आलं नाही की ट्रॅक सोडा. त्यानंतर गायकाचा माइक उघडून बँड शांत ठेवा आणि क्लिक गळतो का ते बघा. शेवटी एक गाणं सुरुवातीपासून नाही, शेवटच्या आवर्तनांपासून वाजवा. क्लिक जिथे कापला आहे ती जागा अशी तपासली जाते.

गायकाने ओळ लवकर उचलली तर ट्रॅक त्याच्यामागे येणार नाही, आणि अर्धं आवर्तन चुकलेला क्लिक ड्रमरलाही गोंधळात टाकतो. अशा वेळी ट्रॅक आणि क्लिक दोन्ही एकदम सोडायचे, हे आधीच ठरवा. इशारा एकच, ड्रमरने स्टिक आडवी धरायची. ट्रॅकचा फेडर ज्याच्या हाताखाली आहे त्याने दोन सेकंदांत तो खाली घ्यायचा, झटक्यात नाही, आणि बाकीच्यांनी ड्रमवर वाजवत राहायचं. तालमीत हे मुद्दाम दोन-तीनदा करून बघा. ट्रॅकशिवाय गाणं उभंच राहत नसेल तर त्यातला निदान एक भाग कीबोर्डवाल्याच्या हातात द्या.

याच गाण्यांच्या डाव्या-उजव्या फाइली एका जुन्या फोनमध्ये भरून, चार्ज करून, दुभागलेल्या केबलसकट ड्रमरच्या छोट्या मिक्सरशेजारी ठेवा. लॅपटॉप बंद पडला तर ट्रॅकचा जॅक आहे त्या डीआयमध्येच बदलायचा, क्लिकचा छोट्या मिक्सरमध्ये, आणि पुढचं गाणं फोनवरून सोडायचं.